भाऊसाहेबांनी पारखलेला तालुका

सिंगापुरात पन्नाशी ओलांडलेल्या मराठी माणसाला एक रोग जडतो. त्याला अचानक शेती करावीशी वाटते. मेथी कुठली आणि शेपू कुठला हे बायकोला विचारावं लागणारी माणसं रॅफल्स प्लेसच्या एसीत बसून देशी गाई आणि शेततळ्याच्या गप्पा हाणतात. मी बोटीवरचा इंजिनिअर, जिभेला हाड नसलेला. असल्यांच्या तोंडावर हसतो. वुडलँड्सला माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भाऊसाहेबांना मात्र हसलो नाही. त्यांना खरंच जायचं होतं.

भाऊसाहेब वन-नॉर्थच्या एका लॅबमध्ये पाणी शुद्ध करण्यावर संशोधन करायचे. लॅबने तो विभागच बंद केला. नोकरी गेली की कामाचा पास जातो आणि पास गेला की देश सोडावा लागतो, हा इथला सरळ हिशेब. ललितावहिनींना उलट हायसं वाटलं. जन्म चाळीत गेला, संसार भाड्याच्या फ्लॅटमध्ये झाला. आता उरलेले दिवस स्वतःच्या मातीवर काढायचे, एवढा एकच हट्ट त्यांनी आयुष्यात धरला होता.

मग भाऊसाहेब तालुके पारखू लागले. मुलीसाठी स्थळ बघणारा बापही इतका चिकित्सक नसेल. पाऊस किती पडतो, उन्हाळ्यात विहिरी कुठवर खाली जातात, पाण्यात क्षार किती, माती किती खोल, वीज कधी जाते, सरकारी दवाखान्यात डॉक्टर खरोखर असतो की नुसती पाटीच असते. पंप आणि मोटारींचं मला कळतं म्हणून फोनवर बोलताना मला शेजारी बसवायचे. सगळं विचारून झालं की शेवटी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा.

“गावात स्मशानभूमी एक आहे की दोन?”

जमीन दाखवणारे एजंट या प्रश्नाने गडबडायचे. एकाने साहेबांना दीर्घायुष्य चिंतलं. दुसरा म्हणाला की दोन आहेत, पण काळजी नको, दोन्हीकडे पत्र्याची शेड आहे. भाऊसाहेब त्याला धन्यवाद म्हणायचे आणि तो तालुका सोडून द्यायचे. त्यांची मुलगी दीक्षा इथेच वाढलेली. ती एकदा वैतागून इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “पपा, वॉटर ओके, हॉस्पिटल ओके, देन बाय लाह.” भाऊसाहेब तिच्याकडे बघून हसले आणि पुढचा नंबर फिरवू लागले.

मला राहवलं नाही. ती खोलीत गेल्यावर मी विचारलं, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं. ते बौद्ध. वडील रेल्वेत फिटर होते. निवृत्त झाल्यावर हौसेने गावी गेले, घर बांधलं, बोअर मारली, पाणीही चांगलं लागलं. वारले तेव्हा भाऊसाहेब इथून धावत गेले. त्यांच्या वस्तीच्या स्मशानाला रस्ता नव्हता. वाट ज्याच्या शेतातून जायची त्याने सोयाबीन पेरलं होतं, त्याने तिरडी अडवली. गावच्या स्मशानात सिमेंटचा रस्ता होता, शेड होती, पण तिथे तुमचं जमणार नाही म्हणून सांगितलं. तहसीलदार येईपर्यंत म्हातारा अंगणात पडून होता. “बाबांनी सगळं बघून जमीन घेतली होती,” भाऊसाहेब म्हणाले. “एवढं एक विचारायचं राहिलं.” दीक्षाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि तिला ते कळू द्यायचं नव्हतं.

माझा संताप संताप झाला. सातासमुद्रापार येऊन पाण्यावर संशोधन करणारा माणूस, आणि याने मरणाची जागा आधी चौकशी करून ठरवायची!

असे कितीतरी तालुके बाद झाले. मग निशिकांत नावाच्या एका एजंटाने एक गाव दाखवलं. तालुक्याचं नाव मी लिहीत नाही. पाणी गोड, माती खोल, दवाखान्यात डॉक्टर हजर. भाऊसाहेबांनी ठरलेला प्रश्न टाकला आणि निशिकांत म्हणाला, “एकच.”

ललितावहिनींनी डोळ्यांना पदर लावला. त्या संध्याकाळी त्यांनी मला जेवायलाच बसवून घेतलं आणि आंबा कुठे लावायचा, चिकू कुठे, याची चर्चा भात निवेपर्यंत चालली. भाऊसाहेबांना इतकं मोकळं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मलाही फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

व्यवहार पक्का करायला दोन दिवसांनी पुन्हा फोन लावला. आम्ही तिघंही होतो, फोन टेबलावर ठेवलेला. भाऊसाहेबांनी सहज विचारलं, की गावात आपल्या समाजाची वस्ती कुठल्या बाजूला आहे, आल्यावर आधी त्यांना भेटावं म्हणतो. आडनावावरून निशिकांतला काय ते कळलेलंच होतं.

“तशी कुणाची घरं नाहीत आता साहेब,” तो म्हणाला. “होती पूर्वी, गावाबाहेर. सगळी उठून गेली. म्हणून तर स्मशान एकच लागतं.”

“का गेली?”

“जुनी भानगड आहे साहेब. आता गाव एकदम शांत आहे.”

वहिनींनी पदराचं टोक मुठीत आवळून धरलं होतं. भाऊसाहेबांनी फोन जवळ ओढला. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, “आणि आम्ही आलो तर?”

निशिकांत काही वाईट माणूस नव्हता. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून तो मनापासून, अगदी अदबीने म्हणाला, “तुम्ही या तर खरं साहेब. दुसरं स्मशान करून देतील की. जागेला काय तोटा आहे?”