सर्व्हर रूममधली लस्सी

रिया, निखिल,

रविवारी व्हिडिओ कॉलवर रिया म्हणाली, "आजी, क्लाउड म्हणजे काय ते समजावू का तुला?" नको, बाळा. तुम्ही शाळेत होतात तेव्हा मी दिल्लीजवळ मानेसरच्या एका कारखान्यात अकाउंट्स हेड होते, आणि त्या क्लाउडपायी सगळा कारखाना माझ्या विरोधात गेला होता. तेच लिहून पाठवते.

आम्ही गाड्यांचे सुटे भाग करायचो. कुठला माल कधी निघाला, हे आमच्या सर्व्हरवरून, म्हणजे एका खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवरून, गाडी कंपनीला सतत दिसायला हवं. उन्हाळा आला की तो सर्व्हर बंद पडायचा. शेवटी कंपनीने कळवलं, पुन्हा बंद पडला तर ऑर्डर दुसरीकडे जाईल. आमचं निम्मं काम त्यांचंच होतं.

दोन मार्ग होते. नवा सर्व्हर विकत घ्यायचा, किंवा क्लाउड, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवर महिन्याच्या भाड्याने जागा.

मालक भल्लासाहेब म्हणाले, "मॅडम, अपना अपना होता है. किराये पर कौन रहता है?"

"सर, ये ऑफिस भी किराये का है."

मी हिशेब मांडला. एका बाजूला नवा सर्व्हर, जनरेटरचं डिझेल, त्याच्या खोलीत दिवसरात्र चालणारा एसी. दुसऱ्या बाजूला भाडं आणि इंटरनेटची जादा लाइन. क्लाउड स्वस्त पडत होता, तोही मुख्यतः एसीचं बिल वाचणार म्हणून.

मीटिंगमध्ये सगळेच विरोधात. प्रॉडक्शनचे दहियाजी तर डेटाच्या सुरक्षिततेवर इतक्या कळवळ्याने बोलले की मला संशय आला. या माणसाचा पासवर्ड त्याच्या टेबलाच्या काचेखाली चिकटवलेला असायचा.

सर्व्हर नेहमी जेवणाच्या सुट्टीतच बंद पडतो, हे माझ्या लक्षात आलं होतं. म्हणून त्या सुट्टीत मी सर्व्हर रूमचं दार उघडलं. बाहेर 'प्रवेश निषिद्ध'. आत दहियाजी, एचआर, स्टोअर्स, सगळे मांडी घालून डबे खात बसलेले. सर्व्हरच्या कपाटावर लस्सीचं पातेलं. अख्ख्या कारखान्यात चांगली थंड अशी ती एकच खोली. एवढी माणसं आत, दार सारखं उघडं, मग एसी हरायचा आणि सर्व्हर तापून बसायचा.

"आइए मॅडम, बैठिए," दहियाजी ओशाळून म्हणाले. "लस्सी लेंगी?"

घेतली. उत्तम होती.

संध्याकाळी भल्लासाहेबांना सांगितलं, "सर, सर्व्हर जाने दीजिए, एसी रहने दीजिए."

"फिर बचत क्या हुई?"

"कुछ नहीं. लगभग बराबर. पर ऑर्डर बचेगा."

त्यांनी सही केली. एसी राहणार हे कळताच दहियाजींची डेटाची काळजी त्याच संध्याकाळी मिटली. पुढच्या उन्हाळ्यात सिस्टिम एकदाही बंद पडली नाही.

हिशेबाचा कागद पक्का करण्याआधी, त्यातला खर्च वाचवला तर कोणाला उकडेल, हे एकदा जाऊन पाहावं. मला ते कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

ती ऑर्डर अजूनही आमच्याच कारखान्याकडे आहे.