सहा महिन्यांनी दाखवायचं

लातूर जिल्हा झाला आणि तिथल्या सरकारी दवाखान्यात दातांचा डॉक्टर आला, हे आमच्या गावाला माझ्या आईच्या फुटलेल्या जबड्यामुळं कळलं.

त्या साली पाऊस नव्हता. टँकर यायचा, गावविहिरीत पाणी सोडायचा, आणि ते तळाला पडायच्या आत बायका पोहरे टाकायच्या. त्या दिवशी आईचा आणि माझ्या थोरल्या चुलतीचा दोर एकमेकींत गुंतला. आईनं चुलतीचा दोर हिसडला. चुलतीनं कडेवरची पितळी घागर उचलली आणि आईच्या तोंडावर घातली. मी तेव्हा दहा वर्षांची होते, शेजारीच उभी होते. तो आवाज मला अजून सांगता येतो. आई खाली बसली, चिखलात रक्त थुंकली, त्यात दोन दात होते. मग उठली, चुलतीला खाली पाडून तिच्या छातीवर चढली आणि तिचं डोकं काठाच्या दगडावर आपटायला लागली. चार बायकांनी दोघींना वेगळं केलं.

चौथ्या दिवशी आईचा गाल भोपळ्याएवढा झाला, ताप चढला. मी आणि आई एसटीनं लातूरला गेलो. डॉक्टर तरणा होता. तुटलेल्या दाताचं मूळ आत राहिलं होतं. सुई टोचली तरी आईचा जबडा पुरता बधिर झाला नाही. नर्सनं डोकं धरलं, मी पाय धरले. डॉक्टरनं पक्कड लावून ओढलं तेव्हा आईनं मला अशी लाथ मारली की मी भिंतीवर जाऊन पडले.

रक्त पुसून झाल्यावर डॉक्टरनं बॅटरी लावून आईचं सगळं तोंड बघितलं.

"मावशी, तंबाखूची मिश्री लावता का?"

"लावते की. कोण न्हाई लावत?"

"गालाच्या आत पांढरा चट्टा आहे. आज घाबरायचं कारण नाही. पण मिश्री बंद करा, आणि दर सहा महिन्यांनी दाखवायला या. दुखत नसलं तरी."

"दुखत नसताना येऊ? येळ कुठनं आणू, डाक्टर?"

"वेळ काढा. नाहीतर पुढं गाल कापावा लागतो."

आईनं त्याच दिवशी मिश्रीची डबी गटारात फेकली. चार दिवस तिचं डोकं फिरलं होतं, आम्हा भावंडांना विनाकारण बदडत होती.

सहा महिने झाले. आई पिशवी भरायला लागली तशी वडिलांनी विचारलं, "काय दुखायलंय?"

"काय न्हाई."

"काय न्हाई तर रोजगार बुडवून तोंड दाखवायला जिल्ह्याला जाती?" म्हणत त्यांनी तिच्या त्याच गालावर चपराक मारली. आईनं चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि त्यांच्या छातीपुढं धरलं. "परत हात लावा," एवढंच म्हणाली. वडील मागं सरले. त्यांनी तिला पुन्हा कधी अडवलं नाही.

चट्टा वाढला नव्हता. तिखट झोंबतं का, एवढंच डॉक्टरनं विचारलं. परत येताना आई एसटीत एकदम म्हणाली, "आक्का तिखट खाईना झालीय. भाकर पाण्यात कालवून खाती." आक्का म्हणजे माझी चुलती; विहिरीवरच्या मारामारीपासून दोघी बोलत नव्हत्या, पण अंगण एकच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चुलतीच्या दारात गेली. "आक्का, तोंड उघड."

"तुला कशाला दाखवू? हो बाजूला, मला येळ न्हाई."

आईनं तिचा अंबाडा मुठीत धरला आणि फाट्यापर्यंत ओढत नेलं. चुलती शिव्या देत होती, तिनं आईच्या मनगटाला चावा घेतला. कंडक्टर म्हणाला, "बाई, भांडणं खाली करा." आई म्हणाली, "दोन तिकिटं लातूर," आणि चुलतीला खिडकीकडं कोंबून स्वतः अडवून बसली. मी घरी सांगून पळत आले होते, तर तिसरं तिकीट काढावं लागलं.

डॉक्टरनं चुलतीच्या गालात नुसतं बोट फिरवलं तर ती किंचाळली. आत जखम होती, कडा टणक झालेल्या. "किती दिवसांपासून आहे?" चुलतीनं आधी पदरानं लाळ पुसली. मग म्हणाली, "आखाडापासनं. दवाखान्याला येळ कुठं व्हता?"

तिला लांबच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं तिचा अर्धा जबडा काढला. आई महिनाभर तिच्याजवळ राहिली. तिनं नळीतून तिला कण्यांची पातळ पेज पाजली. शुद्धीवर आल्यावर चुलतीनं पहिल्यांदा काय केलं असेल तर आईला चापट मारली. मग तिचाच हात धरून रडली.

चुलती त्यानंतर अकरा वर्षं जगली. बोलणं नीट कळायचं नाही, पण शिव्या कळायच्या. दर सहा महिन्यांनी दोघी एसटीनं लातूरला जायच्या, वाटेनं भांडायच्या.

मी आता नांदेडला नोकरी करते. गेल्या वर्षी दातांच्या डॉक्टरनं दिलेली तारीख मी दोनदा पुढं ढकलली. आईला फोनवर ते बोलून गेले.

"कामून?" ती म्हणाली.

"ऑफिसात लई काम हाय गं. वेळ नाही."

 मग आई म्हणाली, "येऊ का तिकडं?"

मी लगेच रजेचा अर्ज लिहिला.