शुक्रवार उत्तम का?

रोज एकाच कंपनीच्या बसनं शेंद्र्याच्या कारखान्यात जाणाऱ्या माणसांचे किस्से साठतातच, साठवावे लागत नाहीत. मागच्या सीटवर आम्ही तिघं: कन्नड गावचे देशमुख, साळवे आणि मी. साळवे ख्रिस्ती, शांत माणूस. मी उलटा. पायाला भिंगरी अन् जिभेला हाड नाही. एखादा प्रश्न डोक्यात शिरला की मला चैन पडत नाही. येशूला ज्या दिवशी मारलं त्या दिवसाला 'गुड' का म्हणायचं, या प्रश्नानं तर मला लई वर्षं छळलंय.

*

पहिल्या वर्षी देशमुखांनी नावातलं गुड बघून पेढे आणले. "हॅपी गुड फ्रायडे, साळवे!" म्हणून बसभर वाटलेसुद्धा.

साळवेंचा कडक उपास. त्यांनी आपला पेढा रुमालात बांधला अन् म्हणाले, "रविवारी खातो. आज आमच्यात मयत हाय."

देशमुख शेंद्रा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

*

मग मी खोदून खोदून विचारलं. साळवे म्हणाले, "आमच्या चर्चचे पाळक सांगतात, जुन्या इंग्रजीत गुड म्हणजे पवित्र. मराठीत आम्ही उत्तम शुक्रवार म्हणतो."

"पवित्रच म्हणा की मग. उत्तम कशाला?"

"येशूनं जीव दिला म्हणून आपण सुटलो. म्हणून उत्तम."

"सुटलो आपण. जीव गेला त्याचा. त्याला काय उत्तम?"

"तुम्ही थेट पाळकांनाच भेटा बाबा," साळवे म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

*

एकदा मशीन बसवायला जर्मन इंजिनिअर आला. मी त्यालाही सोडलं नाही. तो म्हणाला, "आमच्याकडं या दिवसाला शोकाचा शुक्रवार म्हणतात."

देशमुख खूश. "बघा साळवे, यांनी कसं सरळ नाव दिलं."

साळवे पहिल्यांदा चिडले. "रविवारी येशू मेलेल्यातून उठला, हे त्यांनाबी ठाऊक हाय ना? रविवार ठाऊक असलेल्यांनीच शुक्रवारला उत्तम म्हटलं."

मला हे पटलं, पण संध्याकाळपर्यंतच.

*

गेल्या वर्षीची गोष्ट. उत्तम शुक्रवारी चर्चमध्ये बारा ते तीन उपासना असते. क्रुसावर येशू जी सात वाक्यं बोलला, त्यांना सात शब्द म्हणतात; त्यांवर सात जण बोलतात. तिसरा शब्द साळवेंच्या वाट्याला आला. त्यात येशू मरता मरता खाली उभ्या असलेल्या आपल्या आईला, मरियेला, एका शिष्याच्या हवाली करतो.

साळवेंचा थोरला भाऊ अपघातात गेला, तेव्हापासून त्यांची आई या दिवशी चर्चची पायरी चढली नव्हती. साळवे आम्हाला म्हणाले, "तिनं ऐकावं एवढीच इच्छा हाय. माझं मानत नाय. तुम्ही आणून बघा."

आम्ही दोघं रजा टाकून, देशमुखांची गाडी घेऊन साळवेंच्या घरी गेलो. त्यांची आई, म्हणजे आमच्या मावशी, खाटेवर बसलेल्या. देशमुखांनी हात जोडले, विनवण्या केल्या. मावशी नुसत्या "नाय" म्हणायच्या. तिकडं उपासना सुरू झालेली. मी दारात येरझाऱ्या घालत होतो. शेवटी राहवलं नाही.

"मावशी, या दिवसाला उत्तम का म्हणतात हो?"

देशमुखांनी मला जोरात चिमटा काढला.

मावशींनी माझ्याकडं बघितलं. "नाव देताना मरियेला कुणी इचारलं नसंल."



मग त्यांनी पदर डोक्यावर घेतला, खाटेचा काठ धरून उठल्या आणि चपला शोधायला लागल्या.

"चला," म्हणाल्या. "तिला एकटीला कशाला उभं ठिवायचं?"