दुसऱ्या मजल्यावरचं व्हेनिस

२०२४ साल. मला अठ्ठ्याहत्तरावं चालू होतं. म्हणजे शाळेच्या दाखल्याप्रमाणे, खरं वय वर्षभर इकडेतिकडे. अमेरिकेत बॉथेलला मुलाकडे येऊन सहा वर्षं झाली होती. त्या वर्षी मार्चमध्ये माझ्या छातीत स्टेंट टाकला आणि डॉक्टरणीने बजावलं की सहा महिने लांबचं विमान नाही, आणि जिवाला धक्का बसेल असंही काही नाही. हे दुसरं ती मुलाकडे बघून म्हणाली. मला इंग्रजी येत नाही, पण कोण कोणाकडे बघून बोलतं ते कळतं.

त्यामुळे मे महिन्यात इटलीला जायचं ठरलं होतं ते मुलाने कॅन्सल केलं. मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही. चौथी शिकलेल्या माणसाला पाण्यावरचं गाव बघायची हौस कशाला, असं कोणाला वाटेल. होती, एवढंच. शेवटी नात म्हणाली, "आजोबा, डोन्ट बी सॅड. व्हेगसमध्ये पण व्हेनिस आहे. छोटं फ्लाइट. डॉक्टर काही नाही म्हणणार." ही नात इथेच जन्मली, लहान मुलांना पोहायला शिकवते. तिचं मराठी असं की 'आजी आला' आणि 'मी उद्या गेली'.

गावी माझा थोरला भाऊ, दादा. आम्ही दोघांनी मिळून पिठाची गिरणी चालवली, चाळीस-बेचाळीस वर्षं. मी इकडे आल्यापासून दर रविवारी फोन. व्हेगसचं सांगितलं तर तो हसायलाच लागला.

"पाण्यातले रस्ते बघायला विमान कशाला रे? आपल्या एसटी स्टँडची गटार तुंबली की ये, फुकट दाखवतो."

"तुला नाही कळायचं ते."

"बरं बरं. होडीत बसलास की मला व्हिडिओ लाव. मलाही बघू दे काय ते."

लावतो म्हणालो. शब्द दिला.

निघायच्या आठवड्यात दादाला दवाखान्यात नेलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. मुलगा म्हणाला, ऑक्सिजन काढलाय, काका बरे आहेत. बुधवारी मी दादाचा आवाज ऐकला, दमलेला होता, पण "होडी विसरू नकोस" एवढं म्हणाला. त्यानंतर फोनच लागेना. मुलाला विचारलं की एकदा नेटवर्क नाही, एकदा झोपलेत. आणि नेमका माझा फोनही बिघडला. म्हणजे मुलगा म्हणाला बिघडलाय, रिपेअरला दिलाय. मला तर तो चांगला चालत होता.

शनिवारी पहाटेच्या विमानाने व्हेगसला पोचलो. हॉटेलात सामान टाकलं. आमची सूनबाई कुठेही गेली तरी पर्समध्ये चांदीचा बोटभर गणपती असतो. खोलीत शिरली की तो टेबलावर ठेवायचा, हात जोडायचे, मग चहा. त्या दिवशी तिने सरळ चहाच केला.

"देव कुठेय?" मी विचारलं.

"घाईत राहिला, आबा."

भांडी घासायचा साबणसुद्धा घरून घेणारी बाई ती. चहा गोड लागला नाही.

ते व्हेनिस एका मोठ्या हॉटेलाच्या पोटात आहे, आणि तेही दुसऱ्या मजल्यावर. कालवा बघायला सरकता जिना चढायचा. वर छताला निळं आभाळ रंगवलंय, त्यात ढग. मी मान वर करून बराच वेळ बघितलं, ढग जागचे हलेनात. खाली पाणी, कपड्यांना नीळ जास्त झाली की होतं त्या रंगाचं. कमानीचे पूल, दोन्ही बाजूंनी घरं, घरांना खिडक्या, खिडक्यांत कुंड्या, आणि खिडकीमागे घरच नाही. खाली सगळी दुकानं. तरी छान होतं, खोटं कशाला बोलू. कोणीतरी मन लावून केलेलं काम होतं.

"ओरिजिनल पण असंच आहे, आबा," मुलगा म्हणाला.

"ओरिजिनलला छत आहे का?"

नात खिदळली. मुलगा हसला नाही. माझ्या अशा बोलण्यावर तो एरवी मांडीवर थाप मारून हसतो.

होडी लांब, काळी, टोकाला वळलेली. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट आणि कमरेला लाल फडकं बांधलेला माणूस मागे उभा राहून एकच वल्हं मारत होता आणि गात होता. नातीने विचारलं तर तो इटलीचा नव्हता, पेरू देशाचा निघाला. आवाज मात्र खणखणीत. आम्ही चौघे बसलो आणि मी मुलाला म्हणालो, "लाव आता दादाला."

"आबा, तिकडे मध्यरात्र आहे."

मी घड्याळ अर्धा तास पुढे ठेवतो. उन्हाळ्यात तेवढं केलं की काटे गावच्या वेळेवर येतात, फक्त दिवसाची रात्र धरायची. घड्याळात एक वाजला होता. खरंच मध्यरात्र.

"मग शूटिंग तरी काढ. सकाळी पाठव त्याला."

त्याने फोन धरला. मी टोपी नीट केली आणि म्हणालो, "दादा, हे बघ. पाणी कमरेएवढं पण नसेल. आपल्या स्टँडवर याहून जास्त साचतं. आणि हा होडीवाला सारखा गातोय, तू असतास तर त्याला म्हणाला असतास, बाबा रे, वल्हं मार आधी." आणखी बोलणार होतो, पण मुलाने फोन खाली केला.

"झालं?"

"झालं, आबा."

"पाठवलास?"

"पाठवतो."

तो पाण्याकडे बघायला लागला. सूनबाईने गॉगल लावला. वर रंगवलेलं आभाळ, ऊन म्हणून नाही, आणि ही गॉगल लावून बसली.

जेवायला कालव्याकाठीच एक जागा होती. रुंद पट्ट्यांचा पास्ता आला, वर टोमॅटोचा रस. चव बरी होती. तो रस माझ्या मिशीला लागला म्हणून नातीने रुमालाने पुसला आणि म्हणाली, "आजोबा, ही थोडी ट्रिम करा ना. सगळं जेवण इथेच राहतं."

"या मिशीला असातसा वस्तारा लागत नाही," मी म्हणालो, आणि तिला सांगितलं. आमच्याकडे बाप गेला किंवा थोरला भाऊ गेला की मिशी उतरवायची. आमचे वडील गेले तेव्हा मी आणि दादा गिरणीच्या ओट्यावर शेजारी शेजारी बसलो होतो. आधी त्याची उतरवली, मग माझी. एकमेकांकडे बघितलं तर दोघेही इतके बावळट दिसत होतो की रडता रडता दादाला हसू फुटलं. नंतर वाढली ती आजपर्यंत.

"मोठे आजोबांना पण अशीच होती ना? सेम टू सेम?"

"होती नाही. आहे. आहे म्हण."

एरवी ती चुकली की "व्हॉटेव्हर, आजोबा" म्हणून हसते. त्या दिवशी तिने आधी आईकडे बघितलं, मग हळूच म्हणाली, "आहे." आणि बाथरूमला म्हणून उठली ती पास्ता गार होईपर्यंत आली नाही.

मी स्वतःला सांगत राहिलो की पोरीचं मराठीच कच्चं आहे. जिला आजी आला म्हणायला चालतं, तिच्या होती-आहेवर काय जायचं? पण ताट मी बाजूला सारलं.

दुपारभर आम्ही फिरलो. चौकात अंगाला पांढरा रंग फासून एक बाई पुतळ्यासारखी उभी होती, मुलं तिच्याभोवती नाचत होती. मुखवट्यांचं दुकान बघितलं, काचेच्या वस्तूंचं बघितलं. कोणी काही विचारलं की मी छान म्हणत होतो आणि सारखा घड्याळात बघत होतो. तिथली अडचण अशी की आत वेळच कळत नाही. सकाळी होतं तेच आभाळ, तेच ढग, तोच उजेड. शेवटी मी कोणाला न विचारता जिना उतरून दारापर्यंत गेलो. बाहेर भट्टीसारखी हवा होती, पण ऊन उतरलं होतं. घड्याळात आठ. म्हणजे गावी सकाळचे आठ. दादाचा दुसरा चहा झालेला असणार.

मुलगा धावत मागे आला. "आबा! सांगून तरी जात जा!"

"आता सकाळ झाली तिकडे. लाव."

"सकाळी डॉक्टरांचा राऊंड असतो. जेवून घेऊ, मग लावू."

"दवाखान्यात नर्सला लाव. वहिनीला लाव. तू लावतोस, की मी त्या होडीवाल्याकडे फोन मागू?"

"आबा, प्लीज यार!"

बापाला यार म्हणाला. जन्मात कधी म्हणाला नव्हता. म्हणाला आणि तोंडावर हात ठेवून उभा राहिला. मी त्याच्याकडे बघितलं आणि वर चढायला लागलो. सरकता जिना होता तरी पायऱ्या चढत गेलो. मागून तो "आबा, हळू, आबा, हळू" करत होता.

रात्रीचं जेवण चौकात. जेवण कसलं, पिझ्झाचे दोन दोन तुकडे. शेजारी एक आइस्क्रीमचं दुकान होतं, काचेमागे रंगीत ढीग लावलेले. मी म्हणालो, "इटलीचं आइस्क्रीम म्हणे नाव काढण्यासारखं असतं. आण चौघांना."

"मला नको," मुलगा म्हणाला.

हा मुलगा लहानपणी श्रीखंडाचं पातेलं घासायला टाकू द्यायचा नाही. आता पन्नाशीला आलाय, तरी आयसेलिनच्या देशी बाजारातून कोणी पेढे आणले की बॉक्स त्याच्याच टेबलावर सापडतो.

"सूनबाई?"

"नको आबा, घसा धरलाय."

"मग मला एकट्याला आण."

"तुम्हीही नका घेऊ आज. थंड असतं."

"मला शुगर नाही, घसा नाही. चार आण."

मुलगा उठला आणि चार कागदी वाट्या घेऊन आला. पिस्त्याचं होतं. माझ्यासमोर एक ठेवली, बाकीच्या त्या तिघांसमोर. नातीने सवयीने चमचा उचलला. सूनबाईने मान हलवली, अगदी एवढीशी. पोरीने चमचा खाली ठेवला.

तेव्हा मला कळलं. आमच्यात भाऊबंदातलं माणूस गेलं की दहा दिवस सुतक पाळतात. देवाला हात लावायचा नाही, गोड खायचं नाही. देव घाईत राहिला नव्हता. तीन माणसं सुतक धरून बसली होती आणि मला फिरवत होती.

मी माझ्या वाटीकडे बघत राहिलो. मुलगा माझ्या चमच्याकडे बघत होता. मी एक घास घेतला असता तर तो मोकळा झाला असता, म्हाताऱ्याला काही कळलं नाही म्हणून. त्याला भीती कशाची ते मला ठाऊक होतं. डॉक्टरणीची तर होतीच, पण कळलं की हा उठून विमानात बसेल, कोणाचं ऐकणार नाही, ही जास्त. ते खोटंही नव्हतं. तरी राग आला. माझ्या भावाचं मरण मला न सांगता यांनी आपसात वाटून घेतलं, मला दूधपितं पोर समजले. दुपारी होडीत मी दादाशी बोललो ते कोणाशी बोललो? ते आठवून टेबल उलथून टाकावंसं वाटलं.

विचारायचं म्हटलं तर एका शब्दाचं काम होतं. पण विचारलं असतं तर त्याला तिथेच सांगावं लागलं असतं. पलीकडे तो पेरूवाला गात होता, वर कधी न मावळणारं आभाळ होतं. दादा असल्या छताखाली गेलेला मला चालला नसता.

चारही वाट्यांत हिरवं पाणी झालं. कोणी हात लावला नाही.

"फार गोड असणार यांचं," मी म्हणालो. "चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी इतर उठायच्या आधी मी बाथरूममध्ये गेलो. मुलाचं रेझर घेतलं आणि मिशी उतरवली. आरशात बघितलं. तसाच बावळट दिसत होतो, हसायला शेजारी कोणी नव्हतं. अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावरून पाणी घेतलं, कोरडे कपडे घातले आणि मुलाच्या पलंगाच्या कडेला जाऊन बसलो. त्याने डोळे उघडले. माझ्या ओठांकडे बघितलं आणि उठून बसला.

"वहिनीला लाव," मी म्हणालो. "दादा कधी गेला ते तिच्याकडून ऐकतो."

त्याने फोन लावला आणि मी हात पुढे केला.