पुण्याचा पोरगा

दादा खोटं बोलला, तेही माझ्याच घरात, माझ्या हातचा चहा पिता पिता. अकोल्याचे एक नातेवाईक स्थळ घेऊन फोनवर होते आणि हा त्यांना खुशाल सांगून राहिला होता, "पोरगा पुण्याले राह्यते. कापडाच्या कंपनीत हाये."

पोरगा म्हणजे माझा भाचा. कापडाच्या कंपनीत होता हे खरं, पण अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेच्या. रोज तिवस्याहून मोटारसायकलनं जायचा आणि संध्याकाळी परत येऊन बापासोबत जेवायचा. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली, त्या घरात हे दोघंच.

"काहून खोटं बोलला, दादा?" मी फोन संपायचीही वाट पाहिली नाही.

"नांदगाव पेठ म्हटलं का समोरचे फोनच ठेवून देतात, बाई. पोरीवाल्यायले पुण्याचाच पोरगा पायजे. एकदा लगन होऊ दे. सून घर पाहीन, शेत पाहीन, राहीन इथंच."

एवढंच त्याला हवं होतं. पोराचं लग्न व्हावं आणि पोरगा डोळ्यासमोर राहावा.

मला राग आला तो दादाचा नाही, त्या फोन ठेवणाऱ्यांचा. अमरावतीच्या कॉलेजात मी जन्मभर अर्थशास्त्र शिकवलं. आपल्या इथून कापसाच्या गाठी जातात, शर्ट होऊन परत येतात आणि मधली सगळी कमाई बाहेरच राहते, हे फळ्यावर लिहून लिहून खडू झिजवले. देशाच्या व्यापारातली तूट सगळे मोजतात, वऱ्हाडाची तूट कोण मोजतं? नांदगाव पेठेत कापडाचे कारखाने आले तेव्हा मी वर्गात अगदी आनंदानं सांगितलं होतं, आता हे बदलेल. भाच्याला तिथं नोकरी लागली तेव्हा पेढे मीच वाटले. आणि आता त्याच नोकरीपायी पोराचं लग्न जमेना. डोकं फिरणार नाही तर काय!

अकोल्याला पोरगी पाहायला आम्ही तिघं गेलो. आलूपोहे झाले, चहा आला. पोरीच्या वडिलांनी सहज विचारलं, पुण्यात घर कोणत्या भागात आहे? दादा खोकला. भाच्यानं बशी खाली ठेवली. "मी पुण्याले नसतो, काका. नांदगाव पेठेले असतो. बाबा बोलले ते खरं नाई."

बाप्पा! वडील पंख्याकडे पाहत बसले. पोरीची आई मात्र फटकन बोलली, "म्हणजे शिकवून सवरून आमची पोरगी तिवस्याले खितपत ठेवाची का?"

खितपत! मग मी कशाची ऐकते? कापसापासून सुरू केलं आणि पार कारखान्यापर्यंत आले. तुमच्यासारख्यांनी पोरी अशा पुण्याला पाठवल्या तर इथं राहणार कोण, असंही सुनावलं. दादा माझा पदर ओढत होता.

ती पोरगी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. कॉम्प्युटरचं शिकलेली, घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. कंपनीनं आता तिला तिकडे बोलावलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "काकू, तुमचं सगळं पटलं. आता मले माझ्या शिक्षणाचं काम इथं दाखवा. दाखवलं तर नाई जात मी पुण्याले."

"दाखवते," मी म्हटलं. काम सापडेलच, असं मी खरंच धरून चालले होते.

मग मी कामाला लागले. आधी भाच्याच्या कारखान्यात गेले. तिथल्या साहेबांनी अदबीनं बसवलं. शिलाईला बाया हव्यात, म्हणाले, पॅकिंगला हव्यात. कॉम्प्युटरवरचं कामकाज, खरेदी, डिझाइन, सगळं पुण्याच्या मुख्य कार्यालयात. यंत्रं इथं आणि टेबलं तिकडे! अमरावतीत माझा एक विद्यार्थी असलीच कंपनी चालवायचा, त्याला फोन केला. "मॅडम, मी तर गेल्या वर्षीच पुण्याले आलो," तो म्हणाला. परतवाड्यापर्यंत विचारून आले. एका दुकानात बिलं टाइप करायला मुलगी हवी होती, तेवढं एक सापडलं. ते त्या पोरीला सांगायची मला लाज वाटली.

तिला फोन केला. नाही सापडलं, म्हटलं. "माहीत होतं, काकू," ती म्हणाली, "पण तुमी शोधलं." तिच्या आवाजात टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

एव्हाना ती आणि भाचा रोज बोलत होते. पोरगा खरं बोलला, हेच तिला आवडलं होतं. त्यानं आपल्या साहेबांकडे अर्ज केला आणि मुख्य कार्यालयात, खरेदी विभागात, त्याची बदली झाली. लग्न थाटात झालं. दादा नाचलासुद्धा.

लग्नानंतर मी तिवस्याला गेले. पोरगा-सून जाऊन आठवडाही झाला नव्हता. दादानं सवयीनं दोघांपुरता भात टाकला होता, म्हणून मीही जेवले. आम्ही ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात रस्त्यावरून जाणारे एक ओळखीचे थांबले.

"पोरगा दिसत नाई, भाऊ. कुठं असते आता?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मला ते पाहवलं नाही, मीच म्हणणार होते.

"पुण्याले राह्यते," दादा म्हणाला आणि उठून आत गेला.