रुद्राक्काच्या हनुवटीवरचा तीळ

माझ्या सासूबाई खलनायिका आहेत, ही गोष्ट मी छापून प्रसिद्ध केली ती निव्वळ अपघाताने.

मी पेणच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. घर रामवाडीत, सासुरवाडी रोह्याला. तिथल्या एका वाचनवेड्या मंडळाने यंदा मोठ्या होत चाललेल्या मुलांसाठी चित्रकथेचं पुस्तक काढायचं ठरवलं. मंडळाचे कार्यवाह म्हात्रे हे बायकोच्या माहेरचे शेजारी. त्यांचा फोन आला, "सर, पोरं मोबाईलमधून मान वर काढत नाहीत. काहीतरी धमाल काढा."

मी धमाल काढली. 'शूर समीर आणि खाडीचं रहस्य'. समीर, त्याचे तीन दोस्त आणि पिंकी. कोणीतरी दुष्ट माणूस खाडीचे बांध फोडून भातशेतीत खारं पाणी सोडतोय आणि ही पोरं त्याला पकडतात, अशी गोष्ट. मला फार आवडली. मग ती मी माझ्या मुलीला वाचायला दिली. ऋचा नववीत आहे. तिला काही वाचायला देणं म्हणजे आपणहून इन्कम टॅक्सवाल्यांना चहाला बोलावणं.

"बाबा, पिंकी काय करते?"

"टीममध्ये आहे ती."

"हो, पण करते काय? अख्ख्या पुस्तकात ती एकच शब्द बोलतेय. 'वाचवा!'"

"तीन वेळा बोलते," मी म्हणालो.

"तिन्ही वेळा खांबाला बांधलेली आहे. आणि हिची कंबर बघ. हिने भात खाल्ला तर तो जाणार कुठे? भरतीच्या पाण्यातसुद्धा हिचे केस सेट!"

मी म्हणालो, चित्रकथेत असंच असतं. ती म्हणाली, तेच तर. मग तिने दुसरा मुद्दा काढला. गावातले सगळे लोक एकाच रंगाचे कसे?

"तो अंगाचा रंग आहे," मी म्हणालो. "बाटलीवरच लिहिलंय."

ऋचाने बाटली घेतली आणि झाकणाला लागलेला रंग घेऊन घरभर फिरली. माझ्या हाताशी लावून पाहिला, तिच्या आईच्या हाताशी, शेजारच्या पाटीलवहिनींच्या हाताशी. (वहिनी कोथिंबीर मागायला आल्या होत्या. पुन्हा आल्या नाहीत.) कोणाशीच जुळेना. शेवटी जुळला तो आमच्या बाथरूमच्या टाइल्सशी.

आता वीस वर्षं मुलांना रंग शिकवणाऱ्या माणसाने काय करावं? मी पुस्तक पुन्हा काढायला घेतलं. समीरला बाजूला सारलं, पिंकीला सोडवलं. नवी नायिका आणली, सई. सावळी, चष्म्याची, पोटभर जेवणारी. ऋचा 'ठीक' म्हणाली. मला हुरूप आला. मी म्हटलं, आता विविधता आणूच. सईला एक मैत्रीण दिली : वनकन्या. डोक्यात पिसं, हातात साप, पक्ष्यांशी बोलते.

त्याच दिवशी ऋचाच्या वर्गातली कविता घरी अभ्यासाला आली. ती डोंगराकडच्या कातकरवाडीवरून येते. तिने टेबलावरचं चित्र बराच वेळ पाहिलं.

"सर, ही कोण?"

"ही... वाडीवरची मुलगी आहे. पक्ष्यांशी बोलते."

"काय बोलते?"

हा विचार मी केला नव्हता.

"आणि डोक्यात पिसं कशाला?"

हाही नाही.

"मला सापाची जाम भीती वाटते सर. वाडीत साप निघाला की सगळ्यात पुढे मी पळते."

मी खचलो. म्हणालो, "बरं, मग तुला काय येतं?"

"भांडायला," कविता म्हणाली. ऋचाने मान डोलावली. वर्गात हिच्यापुढे कोणी टिकत नाही, म्हणे. मी पिसं खोडली, साप खोडला, युनिफॉर्म घातला, पाठीवर दप्तर दिलं आणि तिला सगळ्यांशी भांडायला लावलं. गोष्टीत एकदम जीव आला.

इथे मी थांबायला हवं होतं. पण ऋचा म्हणाली, "बाबा, दुष्ट माणूस बाई का नाही? बायका काय फक्त चांगल्या, नाहीतर बांधलेल्या?"

मुद्दा बिनतोड होता. मी बांध फोडणाऱ्या माणसाची बाई केली. नाव ठेवलं रुद्राक्का. आणि काय सांगू, ही बाई हातातून झरझर उतरली! एरवी माझं निम्मं आयुष्य खोडरबरात जातं. रुद्राक्काला एकदाही खोडावं लागलं नाही. कमरेवर हात, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, समोरच्याच्या पोटात गोळा यावा अशी नजर, हनुवटीवर डाव्या बाजूला तीळ. मला वाटलं, प्रतिभा प्रतिभा म्हणतात ती हीच. शेवटी ती सईपुढे हात जोडून माफी मागते, असं केलं. मुलांना काहीतरी बोध हवा.

छापलेली प्रत बायकोने पहिल्यांदा हातात घेतली ती प्रकाशनाला जाताना, एसटीत. गडब गाव मागे पडल्यावर रस्त्याने आम्हाला असं काही उसळवलं, की तिला अक्षरं वाचता येईनात. ती नुसती चित्रं बघत होती. नागोठण्याच्या अलीकडे ती म्हणाली, "अहो, ही आई आहे."

"कोणाची?"

"माझी!"

मी पाहिलं. हनुवटीवरचा तीळ पाहिला. किल्ल्या पाहिल्या. माझ्या पोटात गोळा आला, आणि तिथेच माझी खात्री पटली.

"सुनंदा, आपण इथेच उतरू या का?"

"उतरून काय करणार? पुस्तकं कालच रोह्यात पोचलीत."

ऋचा आणि कविता मागच्या सीटवर बसल्या होत्या. ऋचा पुढे वाकून म्हणाली, "मला वाटलं तू मुद्दाम काढलंस. मी म्हटलं, बाबा धाडसी झाला."

हॉलच्या दारातच म्हात्रे हात पसरून उभे होते. त्यांच्यामागे भिंतीवर, माणसाच्या उंचीची, रंगीत छापलेली रुद्राक्का. चित्राखाली लिहिलेलं : 'हिच्यापासून सावध!' आणि चित्रासमोर, कमरेवर हात ठेवून, सासूबाई उभ्या. दोघीही माझ्याकडेच बघत होत्या.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "हा तीळ माझा हाय."

"योगायोग असतो कधी कधी..."

"किल्ल्या पण माझ्याच हायत. ह्यातली ही लांब किल्ली माझ्या कपाटाची."

मी भिंतीकडे पाहिलं. खरंच, लांब किल्लीसुद्धा हुबेहूब आली होती. माझी मेव्हणी वनिता तोंडावर पदर धरून थरथरत होती. मला वाटलं रडतेय. हसत होती.

"एक सांगा," सासूबाई म्हणाल्या, "नथ का नाय घातली?"

"काय?"

"नाकात नथ का नाय? बाई दुष्ट झाली म्हणून काय तिने भुंड्या नाकाने फिरावं? आणि ही साडी? असली साडी मी फरशी पुसायला पण नाय घेत." मग त्यांनी पुस्तक मागितलं, चष्मा लावला आणि उभ्याने वाचायला लागल्या. म्हात्र्यांनी प्रमुख पाहुण्यांना खूण करून थांबवलं. सगळा हॉल सासूबाईंचं वाचन संपायची वाट बघत होता.

मध्येच त्यांनी मान वर केली. "ही कोण पोरगी? माझ्याशी एवढी भांडली ती?"

"मी," कविता म्हणाली.

सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चांगली भांडलीस गो. ये, उभी राहा माझ्या शेजारी."

मला जरा धीर आला. मग त्या शेवटच्या पानावर पोचल्या.

"हे काय? मी माफी मागितली?"

वनिता पुढे आली. "आई, मग ती तू नाहीस! तुला माफी मागताना अख्ख्या रोह्यात कोणी बघितलंय का?"

मी वनिताकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिचं देऊळच बांधून देणार आहे. सुटलो! पण सासूबाईंनी पुस्तक मिटलं आणि शांतपणे म्हणाल्या, "नाय. ती मीच हाय. सगळ्या पुस्तकात डोकं चालवणारी ती एकटीच हाय. शेवट तेवढा बदला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हात्र्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की पुढच्या छपाईत शेवट बदलेल. प्रमुख पाहुण्यांचं भाषण कोणी ऐकलं नाही. मुलं सासूबाईंबरोबर फोटो काढत होती. कमरेवर हात ठेवून.

"आता आठवणीतनं नका काढू," निघताना सासूबाई म्हणाल्या. "समोर बघून काढा." आणि नथ, किल्ल्या आणि चांगल्या साड्या घेऊन त्या आमच्याबरोबर पेणला आल्या.

रोज त्या खुर्चीवर बसतात. मी म्हणतो, "जरा रागाने बघा." त्या बघतात. मी लगेच मान खाली घालतो, आणि कागदावर जी बाई उतरते ती हसते. प्रेमळ, मवाळ, आल्यागेल्याला लाडू देणारी. मी पुन्हा काढतो. ती आणखी गोड हसते. हळूहळू कागदांचा ढीग झाला. सासूबाईंनी एकेक कागद उलटून पाहिला आणि चष्मा काढला.

"जावईबापू, ही मी नाय. ही तुमची आई हाय."

सुनंदा हसत सुटली. एवढ्यावर भागलं असतं. पण तिने ही गंमत फोनवर माझ्या आईला सांगितली. मग आईने मला फोन केला.

"का रे, मला दुष्ट बाई केलंस म्हणे?"

रुद्राक्काचं काम सध्या मी थांबवलंय. डोंगर काढायला घेतलेत. डोंगरांना नातेवाईक नसतात.