देवदत्तचा नंबर

त्या दिवशी देवदत्तनं ड्राइव्हवेवरचा बर्फ निम्माच काढला. दोन हजार आठचा फेब्रुवारी, अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत आदल्या दिवसापासून पडत होता, आणि दुपारी त्याला ड्यूटीवर जायचं होतं. सुहासिनी किचनच्या खिडकीतून बघत होती. नवरा मध्येच थांबला, फावडं बर्फात उभं खोचलं आणि छातीवर हात ठेवून गराजच्या पायरीवर जाऊन बसला. ती कोट न घालताच बाहेर पळाली.

"काय होतंय?"

"ॲसिडिटी गं. बसतो जरा."

"नाइन वन वनला फोन करते."

"नको. त्याची नोंद होते."

बस, एवढंच बोलला. तिनं फोन केलाच, पण ॲम्ब्युलन्सची माणसं येईपर्यंत काही राहिलं नव्हतं. चव्वेचाळीस वय. पायरीवर बसल्या बसल्या गेला आमचा देवदत्त.

आता धडधाकट माणूस, छातीत दुखतंय आणि नोंदीला भितो, हे काय, असं कुणालाही वाटेल. ते कळायला मागं जावं लागतं.

देवदत्त नागपूरचा. अमेरिकेत आला तो इंजिनीअरिंग शिकायला. बरोबरची सगळी मुलं कॉम्प्युटरकडे गेली, हा शनिवार-रविवार विमान शिकायला जायचा. आधी शिकवायचं काम, मग छोटी विमानं, असं करत करत नव्व्याण्णव साली मोठ्या एअरलाइनमध्ये लागला. त्याच दिवशी, नव्या पायलटांच्या त्याच क्लासमध्ये शैलेंद्र पण लागला, शॉमबर्गला राहणारा. एका क्लासमध्ये दोन मराठी, म्हणजे नवलच.

एअरलाइनमध्ये सगळं नंबरावर चालतं. आधी लागला त्याचा नंबर वर. कुठलं विमान, कधी सुट्टी, दिवाळीला घरी की कुठल्या हॉटेलात, सगळं नंबर ठरवतो. एकाच दिवशी लागलेल्यांत वयानं मोठा तो वर. देवदत्त शैलेंद्रपेक्षा अकरा दिवसांनी मोठा, म्हणून शैलेंद्र बरोब्बर एक नंबर खाली. यावरून दोघांचं कायम चालायचं.

"अकरा दिवसांत काय दिवे लावलेस रे तू?" शैलेंद्र म्हणायचा.

"तुझ्यासाठी जागा धरून ठेवली," हा म्हणायचा. "आता गप मागे उभा राहा."

दर वर्षी नंबरांची लिस्ट आली की देवदत्त आपल्या नावाचं पान प्रिंट करायचा, नावाखाली पेनानं रेघ मारायचा आणि फ्रिजवर लावायचा. देवाचं कॅलेंडर त्याच्या खाली.

दोन हजार एकच्या सप्टेंबरात जे व्हायचं ते झालं. लोक विमानात बसेनात. डिसेंबरात कंपनीनं खालच्या नंबरवाल्यांना फर्लो दिला, त्यात हे दोघं. फर्लो म्हणजे काढून टाकलं असं नाही. घरी बसा, पगार नाही, लागलं की बोलावू, नंबर तुमचा तुमच्यापाशी. देवदत्तला वाटलं वर्षभराचं काम आहे. साडेपाच वर्षं गेली.

तेवढ्या काळात काय काय नाही केलं त्यानं. मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात रंग मिसळून द्यायचा. मराठी मंडळातला अतुल एकदा बायकोला घेऊन रंग घ्यायला आला, त्याला काउंटरवर हा दिसला.

"अरे कॅप्टन, तू इथे? लँडिंग कुठे केलंस यार?"

"आयल नंबर बारा," देवदत्त रंगांच्या रांगेवरची पाटी दाखवत म्हणाला. "कुठला रंग देऊ?"

हसला तो, पण घरी येऊन जेवला नाही. सुहासिनीची ऑफिसातली नोकरी होती म्हणून घर चाललं. अतुलनं नंतर चांगल्या मनानं सांगितलं, सहा महिन्यांत कोर्स करून टाक, कॉम्प्युटरमध्ये घेतो तुला. हा हो हो म्हणाला आणि गेलाच नाही.

मग दोन हजार चारला एका कार्गो कंपनीची ऑफर आली. चांगली ऑफर होती. फक्त एक अट. जुन्या एअरलाइनचा नंबर सोडला असं लिहून द्यायचं, कारण तिकडून बोलावणं आलं की हे पायलट पळून जातात. कागद आठवडाभर टेबलावर पडून होता. त्यावर चहाचे गोल उमटले.

सुहासिनी म्हणाली, "द्या की लिहून. नंबर काय ताटात वाढायचाय?"

"तुला नाही कळत. रांग सोडली की परत शेवटी उभं राहायचं."

"आत्ता तरी कुठे उभे आहात? रांग तरी आहे का तिथे?"

 त्यानं कागद उलटा केला आणि त्यावर हिमानीला गणित शिकवत बसला. लेक तेव्हा आठ वर्षांची.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात एकदाचं बोलावणं आलं. दोघांनाही. युनिफॉर्म कंबरेला घट्ट झाला होता, सुहासिनीनं उसवून दिला. मंडळात पेढे वाटले. पहिला पगार आला आणि मग खरं कळलं. नंबर होता तिथेच होता, उलट वरची माणसं रिटायर झाली म्हणून थोडा वरच सरकला होता. पण पगार नंबरावर नसतो, तो किती वर्षं झाली त्यावर असतो, आणि घरी बसवलेली वर्षं कंपनी त्यात धरत नव्हती. म्हणजे माणूस नवव्या वर्षात, पगार तिसऱ्या वर्षाचा. त्यात मधल्या काळात सगळ्यांचेच पगार कापलेले, त्यामुळे घरी बसवलं तेव्हा मिळायचं त्याहून कमी. त्याच्या शेजारच्या सीटवर बसणारी, त्याच्या आधी दोन-तीन वर्षं लागली म्हणून फर्लोतून वाचलेली माणसं पगारात कुठल्या कुठे गेली होती.

"नापास झाल्यासारखं वाटतं," तो सुहासिनीला म्हणाला. "वर्गातली पोरं नववीत आणि मी परत तिसरीच्या बाकावर."

तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच बसलं, की आता एक दिवस पण वाया जाऊ द्यायचा नाही. घरी बसलं की घड्याळ थांबतं. जानेवारीपासून छातीत जळजळायचं, जिना चढला की दम लागायचा. सुहासिनी म्हणायची डॉक्टरला दाखवा. पण पायलटला दर काही महिन्यांनी मेडिकल द्यावं लागतं आणि मध्ये कुठल्या डॉक्टरकडे गेलात ते फॉर्मवर लिहावं लागतं. काही निघालं तर उडणं बंद.

"मार्चचं मेडिकल होऊ दे, मग दाखवतो," तो म्हणायचा. "आता परत घरी बसलो ना, तर ही पण वर्षं जातील."

हिमानी एकदा म्हणाली, "बाबा, जस्ट गो." तो म्हणाला, "येस मॅडम, मार्च." मार्च त्याला दिसला नाही.

एप्रिलमध्ये बर्फ गेल्यावर शैलेंद्र शॉमबर्गहून आला. अंत्यविधीला आला होता तेव्हा नुसता कोपऱ्यात उभा होता. या वेळी टेबलापाशी बसला, पण जॅकेट काढेना. सुहासिनी पोळ्या लाटत होती.

"वहिनी, एक सांगायचं होतं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. नवी लिस्ट आली."

"बरं."

"माझा नंबर एकानं वर गेला. म्हणजे त्याचा होता तो, आता मला आलाय."

सुहासिनीनं पोळी तव्यावर टाकली. "मग चांगलंच आहे. दुसऱ्या कुणाला जाण्यापेक्षा." पोळी उलटत विचारलं, "आणि ती वर्षं? धरली का?"

"नाही अजून. युनियन मागे लागलीय."

"तेवढ्यासाठी ते डॉक्टरकडे गेले नाहीत हो. परत घरी बसलो तर वर्षं जातील म्हणून."

शैलेंद्रनं वर बघितलं. "कुणी सांगितलं त्याला? फर्लोची धरत नाहीत. आजारपणाच्या रजेची धरतात, वहिनी. नंबर पण राहतो, वर्षं पण चालू राहतात. युनियनच्या कराराच्या पुस्तकात लिहिलंय."

तव्यावरची पोळी काळी झाली. सुहासिनीनं ती काढली, बाजूला ठेवली, गॅस बंद केला. साडेपाच वर्षं घरी बसवलेला माणूस, त्याला घरी बसणं म्हणजे एकच गोष्ट माहीत. पुस्तक उघडून बघायचं त्याला सुचलंच नाही. आणि तिला तर पुस्तक असतं हेच माहीत नव्हतं.

ती रडली नाही. पदर नव्हता, पोळ्यांच्या फडक्याला हात पुसले.

"शैलेंद्र, तुम्ही कधी दाखवलंत शेवटचं? मेडिकल नाही म्हणत मी. साध्या डॉक्टरला."

तो जॅकेटची चेन वर-खाली करत बसला.

"छातीत होतं काही?"

"तसं नाही हो, कधीतरी जिना चढताना..."

तिनं भिंतीवरचा फोन काढून त्याच्यासमोर ठेवला. "मी जेवायला वाढत नाही तोवर."

"वहिनी, आत्ता?"

"ऑफिस उघडं आहे त्यांचं. लावा."

त्यानं खिशातून इन्शुरन्सचं कार्ड काढलं आणि नंबर लावला. दोन-तीन वेळा थांबा म्हणाले, म्युझिक वाजलं. मग त्यानं नाव सांगितलं, स्पेलिंग सांगितलं. पलीकडून जन्मतारीख विचारली असावी, कारण तो फ्रिजकडे बघायला लागला, जिथे मागच्या वर्षीचं पान अजून लावलेलं होतं, पेनाच्या रेघेसकट.

"मे फोर्टीन्थ," तो म्हणाला. "सिक्स्टी-थ्री."

देवदत्तची तीन मे होती. सुहासिनी पोळपाटावर नवा गोळा ठेवून लाटायला लागली.

"मंगळवार की गुरुवार विचारतायत," शैलेंद्र फोनवर हात ठेवून म्हणाला.

"मंगळवार," ती म्हणाली. "आधीचा दिवस घ्या."